टाळाटाळ म्हणजे आळस नव्हे

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "मी घरी मुंगवड्या, शेवया आणि मसाला करून इतवारीतल्या दुकानांना देते. माल कधी चुकत नाही, पण उधारीसाठी फोन करणं आणि बिलं लिहिणं महिनोन्महिने राहून जातं. घरचे म्हणतात, 'आळस करून राहिली तू.' आळस, टाळाटाळ आणि चालढकल यांत फरक काय?"

ज्याच्या त्याच्यावर 'आळशी' असा शिक्का मारायची सवय मला सहन होत नाही. पहाटे चारला उठून डाळ वाटणारी बाई आळशी कशी? उल्लास आणि विलास ज्या 'लस्' धातूचे, त्याचाच 'अलस'. ज्याला कशातच उल्लास नाही, तो अलस. तुमचा उल्लास तर दर आठवड्याला पोत्यांनी इतवारीत पोचतो. तेव्हा तो शब्द बाजूला ठेवा.

खरी गंमत 'टाळणे'मध्ये आहे. पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, तरणे-तारणे, तसंच टळणे-टाळणे. टळणं आपोआप होतं, टाळणं आपण करतो. मे महिन्यात आपल्याकडे कोणीही म्हणतं, "ऊन टळलं की निघू." बर्डीच्या बाजारात जायचं असो की महाल भागात, ऊन टळेपर्यंत थांबण्यात शहाणपणच आहे, कारण ऊन खरोखर टळतं. उधारी तशी टळत नाही. आणि जे टळतच नाही ते 'अटळ', हाही त्याच घरचा शब्द.

आता मूळ बघा. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, नोंद आहे: 'टल ट्वल वैक्लव्ये'. वैक्लव्य म्हणजे गोंधळणं, कासावीस होणं, धीर सुटणं. ताई, फोन हातात घेतल्यावर तुमच्या पोटात जे होतं, ते हेच! माझं ठाम मत आहे की 'टाळणे'त ती घालमेल आजही जिवंत आहे. यावर काही विद्वान नाक मुरडतात. म्हणतात, ट-वर्गाने सुरू होणारे असले धातू लोकभाषेतून उचलून संस्कृतात बसवलेले आहेत. असतील! मग तर ही घालमेल पंडितांच्या आधी बायाबापड्यांनी ओळखली होती, असंच ठरतं. माझं म्हणणं त्याने पक्कंच होतं, आणि हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही याचं मला नवल वाटतं.

दुखणं धीराचं असेल तर औषधही धीराचंच हवं. टोमण्यांनी घालमेल वाढते. फोन करण्याआधी पहिलं वाक्य कागदावर लिहून काढा: बिलाची तारीख, रक्कम, "कधी पाठवता?" बस. बिल आधी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे बोलायला आधार राहतो. फोन सकाळी, कढई चढवण्याआधी करा. दिवसभर डोक्यावर तो भार नको. आणि एक भक्कम आधार कायद्याचाही आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे पैसे चुकते करायची मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही. लेखी करार नसेल, तर 15 दिवसच. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. हे माहीत असलं की आवाज कापत नाही. आणि तुम्ही काही मागायला गेलेल्या नाही: 'वसूल' हा अरबी शब्द, मूळ अर्थ 'पोचणं'. तुमचा माल पोचला, आता पैसे पोचायचे आहेत.

चालढकलीचं राहिलंच. त्यात कामाला निदान पुढची तारीख दिलेली असते. टाळाटाळीत तारीखच नसते. बिलं "रविवारी लिहीन" म्हणता, ती चालढकल. फोनचा वार तुम्ही कधी ठरवलाच नाही, ती टाळाटाळ.