‘अनियंत्रित’ राजा, ‘निरंकुश’ राजा आणि चौदावा लुई

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे: “फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘ॲब्सोल्यूट मोनार्की’ला शाळेच्या पुस्तकात ‘अनियंत्रित राजेशाही’ म्हटलेलं आठवतं. नवरा म्हणतो ‘निरंकुश’ लिही, ते जोरदार वाटतं. कुठेतरी ‘सर्वंकष’ही वाचलं. तिन्ही एकच का? लेखात डेन्मार्कचा आणि रशियाचाही उल्लेख आहे. तिथेही तोच शब्द चालेल?”

‘सर्वंकष’ आधी बाजूला काढू. मुळात या शब्दाचा अर्थ ‘सगळं घासून काढणारा’. मराठीत तो ‘सर्वंकष आढावा’, ‘सर्वंकष विचार’ अशा सभ्य कामाला लागला आणि राज्यशास्त्रात हिटलर-स्टालिनच्या राजवटींना चिकटला. त्या राजवटींना माणसाचं घर, शाळा, वर्तमानपत्र आणि डोक्यातले विचारसुद्धा ताब्यात हवे होते. सतराव्या शतकातल्या राजाकडे त्यासाठी ना पोलीस होते, ना कारकून, ना रस्ते. तेव्हा लुईला ‘सर्वंकष’ म्हणणं म्हणजे त्याच्या हातात टेलिफोन देण्यासारखं आहे.

‘निरंकुश’चं दुखणं वेगळं. अंकुश माहुताच्या हातातला, आणि त्याविना हत्ती काय करील ते सांगायला नको. कवींना ‘निरंकुशाः कवयः’ म्हणून सूट मिळते, पण सत्तेला हा शब्द लावला की मराठी कानाला जुलूमच ऐकू येतो. तुमच्या यजमानांना तो जोरदार वाटतो तो त्यामुळेच. पण लुईच्या काळातले लोक नेमका हाच फरक करत होते. त्याच्या युवराजाचा शिक्षक असलेला बिशप बोस्युए याने लिहून ठेवलं आहे की, ॲब्सोल्यूट सत्ता आणि मनमानी सत्ता यांची लोक मुद्दाम गल्लत करतात, पहिलीला बदनाम करण्यासाठी. प्रत्यक्षात त्या अगदी वेगळ्या आहेत. तो दरबारचा माणूस होता, दरबाराची बाजू घेणारच. तरी शब्दाच्या अर्थाचा साक्षीदार म्हणून त्याला मोजावंच लागतं.

मग ‘ॲब्सोल्यूट’ म्हणजे काय? लॅटिनमधलं मूळ क्रियापद ‘सोडवणे, मोकळं करणे’ या अर्थाचं. रोमन कायदेपंडित उल्पियन याचं एक वाक्य सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने करवून घेतलेल्या कायदेसंग्रहात आलं: राजा कायद्यांतून मोकळा आहे. गंमत अशी, की मूळ संदर्भ रोमन बादशहा ऑगस्टसने केलेल्या विवाह आणि वारसाविषयक कायद्यांचा होता. मध्ययुगातल्या वकिलांनी ते वाक्य संदर्भातून उचललं आणि सगळ्याच कायद्यांना लावलं. फ्रान्समध्ये कायदेपंडित झाँ बोदँ याने १५७६ मध्ये सार्वभौमत्वाची व्याख्या ‘राज्याची ॲब्सोल्यूट आणि कायमची सत्ता’ अशी केली, तेव्हा हाच अर्थ त्याच्या डोळ्यांपुढे होता. राजा कायदा करतो, म्हणून तो स्वतःच्या किंवा आधीच्या राजांच्या कायद्याला बांधील नाही. मात्र ईश्वरी आणि नैसर्गिक कायदा त्याला बांधतो. त्याने केलेला करार त्याला पाळावा लागतो, आणि रयतेची मालमत्ता तिच्या संमतीविना घेता येत नाही. हाच बोदँ त्याच वर्षी ब्ल्वा इथल्या एस्टेट्स जनरलमध्ये (धर्मगुरू, सरदार आणि बाकीची प्रजा अशा तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा) तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून बसला आणि पैशासाठी राजघराण्याच्या जमिनी विकायला त्याने विरोध केला. म्हणणं असं की जमिनी राज्याच्या आहेत, राजा फक्त त्यांचा उपभोग घेतो.

आता खुद्द लुईकडे येऊ, कारण तुमच्या लेखातला शब्द त्याच्यावर बसायचा आहे. एस्टेट्स जनरल १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये भरलं, म्हणजे लुईच्या सगळ्या कारकिर्दीत एकदाही नाही. पॅरिसचं पार्लमाँ (नावावर जाऊ नका, ही संसद नव्हे, ते वरिष्ठ न्यायालय) राजाचे हुकूम दप्तरी नोंदवायचं आणि त्याआधी हरकत घेऊ शकायचं. १६७३ मध्ये लुईने फर्मावलं की आधी नोंदणी करा, मग काय त्या हरकती सांगा. इथवर ‘अनियंत्रित’ शोभतं.

पण जरा खाली उतरून पाहा. न्यायाधीशाची, वसुलीची हजारो पदं पैसे मोजून घेतलेली होती. १६०४ पासून दरसाल ठरलेली रक्कम भरली की पद मुलाकडेही जायचं. आपल्याकडच्या वाचकाला हे ‘वतन’ म्हटल्यावर लगेच कळेल. अशा माणसाला काढायचं तर त्याचे पैसे परत करायला हवेत, आणि लढायांनी रिकामा झालेला खजिना ते कुठून देणार? लाँगदॉक, ब्रिटनी, बर्गंडी या प्रांतांच्या स्वतःच्या सभा होत्या आणि कराची रक्कम त्यांच्याशी घासाघीस करून ठरे. मिठावरचा कर घ्या. उत्तरेकडच्या मोठ्या पट्ट्यात ठरावीक मीठ सरकारी कोठारातून, सरकारी भावाने घ्यावंच लागे, आणि शेजारच्या ब्रिटनीला तो कर माफ. साहजिकच त्या सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक हा बाराही महिन्यांचा धंदा होता. एकाच राजाच्या राज्यात दोन भाव, आणि ते एक करणं त्या राजाला जमलं नाही.

सगळ्यात बोलकी गोष्ट त्याच्या मृत्यूनंतरची. लुई १ सप्टेंबर १७१५ रोजी गेला. वारस पाच वर्षांचा पणतू. कारभार कुणी पाहायचा याबद्दल लुईने मृत्युपत्र करून ठेवलं होतं, आणि ते दुसऱ्याच दिवशी पार्लमाँने बाजूला सारलं. बदल्यात नव्या कारभाऱ्याने, म्हणजे ऑर्लेआँच्या ड्यूकने, नोंदणीआधी हरकत घेण्याचा हक्क पार्लमाँला परत दिला. ७२ वर्षं गादीवर बसलेल्या माणसाचा शब्द एक दिवस टिकला. आणि हो, ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य तुमच्या लेखात असेलच, तर ‘असं म्हणतात’ जोडा. ते लुईच्या तोंडी घालतात, पण त्या काळातला पुरावा नाही.

एवढं असून मी ‘अनियंत्रित’ कायम का ठेवतो? कारण हा शब्द जोडीने जगतो. इंग्लंडमध्ये १६८८-८९ नंतर आली ती मर्यादित किंवा घटनात्मक राजेशाही. तिच्यासमोर ‘अनियंत्रित’ म्हणजे ज्या राजाला कायदेशीरपणे अडवणारी, जाब विचारणारी संस्था नाही अशी. ‘ट्रक अनियंत्रित होऊन दुभाजकावर आदळला’मधला ‘अनियंत्रित’ इथे नाही. तुमच्या वाचकाला तो ट्रक आठवू नये म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे एक वाक्य खर्ची घाला. व्युत्पत्तीने सर्वांत जवळचा शब्द खरं तर ‘निरपेक्ष’. ‘निरपेक्ष तापमान’ आपण म्हणतोच. पण ‘निरपेक्ष राजेशाही’ लिहिलंत तर व्हर्सायच्या राजवाड्याचा मालक निःस्वार्थ समाजसेवक होता असं वाटेल. ‘ॲब्सोल्यूटिझम’, म्हणजे ‘-वाद’ लावलेलं नाम, तर फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचं आहे. गेलेल्या राजवटीला मागून लावलेली पाटी. त्यामुळे लुईच्या तोंडी ‘अनियंत्रित सत्तावाद’ वगैरे घालू नका.

डेन्मार्कला मात्र हा शब्द फ्रान्सपेक्षा चपखल बसतो. तिथे १६६० मध्ये राजपद वंशपरंपरागत झालं आणि १६६५ मध्ये तिसऱ्या फ्रेडरिकने राजाची सत्ता चक्क लेखी कायद्यात बसवली. राजा सगळ्या मानवी कायद्यांच्या वर, त्याचा न्यायाधीश एकटा देव. बंधनं मोजकी: ल्यूथरपंथी धर्ममत सोडायचं नाही, राज्याची वाटणी करायची नाही आणि हा कायदा बदलायचा नाही. असा कायदा, आणि तो छापून प्रसिद्ध झाला १७०९ मध्ये! डॅनिश शब्दाची फोड ‘एकट्याची सत्ता’ अशी होते. म्हणून तिथे ‘एकतंत्री राजेशाही’ लिहिलंत तरी माझी हरकत नाही.

रशियासाठी डोकं खाजवू नका. ‘झारशाही’ हा शब्द मराठीत केव्हाचा रुळला आहे, तोच वापरा.