वाचकांचे प्रश्न : गॅसचा अलार्म वाजतो, पण वास येत नाही

प्रश्न : आमच्या मोटरहोममध्ये (राहायची सोय असलेली गाडी) खाली फ्लोअरला लागून गॅसचा अलार्म आहे, तो रात्रीबेरात्री मधूनच ओरडायला लागतो. प्रोपेनचा वास अजिबात येत नाही. मिस्टर म्हणतात सेन्सर बिघडलाय, वायर काढून टाकू. काढू का?

उत्तर : ताई, वायर अजिबात काढू नका आणि हे मिस्टरांनाही वाचायला द्या. वास नाही म्हणजे गॅस नाही असं नसतं हो. प्रोपेनला स्वतःचा वास नसतोच, लीक कळावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात, पण नाकाला त्या वासाची थोड्या वेळात सवय होते, सर्दी असली तर कळतच नाही, आणि झोपेत वासाने जाग येईलच याची काही गॅरंटी नाही. त्यात प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड, म्हणजे लीक झाला की तो खाली बसतो, सीटखाली, कपाटाच्या तळाशी, आणि आपलं नाक राहतं वर. म्हणून तर अलार्म खाली लावतात. हवेत २ टक्क्यांच्या थोडं वर प्रमाण गेलं की एक ठिणगी पुरते.

वाजला की आधी पेटलेलं सगळं बंद. लाइट-फॅनच्या बटणांना हात लावायचा नाही, चालू असेल ते चालू राहू दे, बंद ते बंद. इंजिन स्टार्ट करायचं नाही. दारं उघडी टाकून सगळ्यांनी बाहेर, आणि सिलेंडरचा व्हॉल्व बाहेरून बंद करायचा. वास जोरात असेल तर त्याच्याही जवळ न जाता लांब जाऊन फायर ब्रिगेडला फोन.

आता खोटा अलार्म होतो का, तर होतो. गाडीची बॅटरी उतरली की, डिओ किंवा हेअरस्प्रे मारला की (त्यातही बऱ्याचदा ब्युटेन-प्रोपेनच असतो), आणि सेन्सर म्हातारा झाला की. बहुतेक सेन्सर ५ ते ७ वर्षं चालतात, मागे तारीख छापलेली असते ती बघा, संपली असेल तर नवीनच लावा. पण हे सगळं लीक नाही याची खात्री झाल्यावर.

ती खात्री अशी करायची. शेगडी, हीटर, फ्रिज (या गाड्यांतला फ्रिज गॅसवरही चालतो), गीझर सगळं बंद, सिलेंडर चालू, आणि साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जॉइंटवर लावायचं. सिलेंडर आणि रेग्युलेटरचा जोड, रबरी पाइपची दोन्ही टोकं, आणि फ्रिजच्या मागची बाहेरची जाळी उघडून तिथलाही जोड, हा लोक हमखास विसरतात. जिथे बुडबुडे फुगत जातील तिथे लीक. अमोनिया किंवा क्लोरीनवालं क्लिनर वापरू नका, पितळेच्या फिटिंगला तडे जातात. पाइप वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर बदला. आणि काडी पेटवून कुणीही बघू नका, कृपा करा. हात पोचत नाही तिथलं साबणाने कळत नाही, त्यासाठी वर्षातून एकदा टेक्निशियनकडून प्रेशर टेस्ट करून घ्या.

अजून एक, बऱ्याच गाड्यांत गॅस खाली निघून जावा म्हणून फ्लोअरला भोकं ठेवलेली असतात. थंडी येते, उंदीर येतात म्हणून लोक त्यात फडकी कोंबतात. उंदरांसाठी बारीक जाळी लावा, पण भोक मोकळं राहू दे.

प्रश्न : कॅरव्हॅन बरेच महिने उभी होती. आता शेगडीची ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात. गॅस खराब झाला का?

उत्तर : गॅस असा खराब होत नाही. बर्नरला हवा कमी पडतेय, आणि उभ्या गाडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे कोळ्याचं जाळं, बर्नरच्या नळीत कोळी घर करतात. गॅस बंद करून नळी मऊ ब्रशने साफ करा. जेटच्या, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोटीच्या, भोकात सुई घालू नका, भोक मोठं झालं तर ज्योत अजून बिघडते. तेवढ्यानं ज्योत निळी झाली नाही तर शेगडी वापरू नका, मेकॅनिकला दाखवा, कारण अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही आणि साधा गॅस अलार्म तो पकडत नाही, त्याचा डिटेक्टर वेगळा लागतो. आणि थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही, ज्योत निळी असली तरी नाही.

प्रश्न : गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवला तर चालतं का? लोक दोन्ही सांगतात.

उत्तर : नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण माझं मत विचाराल तर निघताना सिलेंडर बंदच करा. चालत्या गाडीत पाइप तुटला तर चालू सिलेंडर गॅस ओततच राहणार. दार उघडलं नाही तर फ्रिज काही तास थंड राहतो, १२ व्होल्टवरही चालत असेल तर तो पर्याय आहेच. पेट्रोल पंपावर तर ज्योत पेटती नकोच, पायलट म्हणजे कायम तेवत राहणारी बारीक ज्योतसुद्धा. मुक्कामाला पोचल्यावर व्हॉल्व सावकाश उघडा, झटक्यात उघडलात तर काही सिलेंडरमधला सेफ्टी व्हॉल्व लीक समजून गॅस अडवतो आणि शेगडी मिणमिणते. तसं झालं तर बंद करून थोडं थांबा, मग हळू उघडा.