वडिलांना जेवल्यावर पोटात कळ येते, वजन घटतंय, एंडोस्कोपी नॉर्मल. रक्तवाहिनीचा आजार असेल का?
हो, असू शकतो. खाल्ल्यावर 15 ते 60 मिनिटांत बेंबीभोवती कळ, ती तास-दोन तास टिकणं, आणि त्या धास्तीने ताटातलं अर्धं तसंच ठेवणं: माणूस साठीपुढचा, त्यात बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर आतड्याच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावीच. पचनाला लागणारं जादा रक्त पोचत नाही, म्हणून दुखतं.

साध्या सोनोग्राफीत हे बऱ्याचदा नजरेतून सुटतं. पोटाची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करावी लागते, त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. आतड्याला तीन मुख्य धमन्या असतात आणि त्रास बहुधा दोन अरुंद झाल्यावरच होतो. त्यामुळे एकीतच अडथळा दिसला तर स्टेंटची (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घाई नको, आधी दुखण्याची इतर कारणं तपासून घ्या.

स्टेंट शक्यतो त्या तिघींपैकी सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीत, मनगटातून, दंडातून किंवा जांघेतून घालतात. उघड्या जाळीच्या स्टेंटपेक्षा आवरण असलेला स्टेंट पुन्हा कमी तुंबतो. नंतर अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध), काही काळ क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारं औषध), आणि तंबाखू पूर्ण बंद. कळ परतली तर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. उपचार होईपर्यंत थोडं थोडं खायला द्या, पण नुसत्या पेनकिलरवर दिवस ढकलू नका.

अचानक असह्य दुखू लागलं आणि पोट मात्र हाताला मऊ लागतंय, तर धमनी बंद पडलेली असू शकते. आतडं काही तासांत सडतं. तडक इमर्जन्सीत न्या.