पातळ अ‍ॅल्युमिनियम कापायचंय? आधी लेझर कोणता ते बघा

अ‍ॅक्रिलिक आणि प्लायवूड कापणाऱ्या ४०-६० वॅटच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरच्या) मशीनवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापायच्या फंदात कृपया पडू नका. त्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते आणि अ‍ॅल्युमिनियम तो प्रकाश जवळजवळ सगळाच परतवतं. पत्र्यावर साधा डागही पडत नाही, उलट परतलेला किरण लेन्सचं नुकसान करू शकतो. अशा लहान मशीनची पॉवर थोडी वाढवून हे सुटत नाही. या कामाला फायबर लेझर घ्या, म्हणजे ज्यात किरण काचेच्या तंतूत तयार होतो आणि तरंगलांबी साधारण १ मायक्रॉन असते.

फायबरवर १ मिमी पत्रा सहज कापला जातो, पण वितळलेला धातू उडवून लावणारा गॅस नायट्रोजन घ्या आणि दाब भरपूर ठेवा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र २००० अंशांच्या पुढे. म्हणून वितळलेला धातू नीट उडाला नाही की खालच्या कडेला चिकटून राहतो. कापलेला तुकडा उलटा करून कडेवरून नख फिरवा: बारीक मण्यांसारखी खरखर लागली, तर आधी फोकस आणि नोझल (गॅस जिथून बाहेर पडतो ते तोंड) तपासा, वेग नंतर बदला. मी सुरुवातीला उलटं करायचो, त्यात कितीतरी पत्रा वाया गेला.

आणि गॉगल वापरत असलेल्या लेझरच्याच तरंगलांबीचा हवा. सीओटूचा गॉगल फायबरला अजिबात चालत नाही.