‘तैपेई १०१’चा गोळा नेमका कशासाठी?

प्रश्न : तैवानमधल्या ‘तैपेई १०१’ इमारतीत एक अवाढव्य गोळा टांगला आहे म्हणे. तो नसता तर इमारत भूकंपात कोसळली असती का? आणि एवढं वजन वर ठेवणं उलट धोक्याचं नाही का?

उत्तर : नसती कोसळली. मी स्ट्रक्चरचा माणूस, त्यामुळे सगळं श्रेय गोळ्याला मिळतं हे मला जरा खुपतंच. त्याच्यावरून ‘डॅम्पर बेबी’ नावाचं बाहुलंसुद्धा काढलंय (डॅम्पर म्हणजे हेलकावे शमवणारी यंत्रणा). खांबांचं बाहुलं कोणी काढत नाही!

३१ मार्च २००२चा भूकंप आठवा. तेव्हा काम छप्पन्नाव्या मजल्यापर्यंत आलं होतं. गोळा टांगायची जागाच अजून बांधून झाली नव्हती. वरून दोन क्रेन कोसळल्या, पाच जणांचा जीव गेला. सांगाड्याला मात्र धक्का लागला नाही. भूकंप पेलतात ते चारही बाजूंचे जोडीजोडीने उभे केलेले, काँक्रीट भरलेले पोलादी महाखांब आणि त्यांना दर आठ मजल्यांवर इमारतीच्या मधल्या गाभ्याशी बांधणारे ट्रस, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या त्रिकोणी जाळीचे आडवे सांगाडे.

गोळा आहे तो प्रामुख्याने वाऱ्यासाठी. ५०८ मीटरची इमारत वाऱ्यात सावकाश डुलते. एका हेलकाव्याला साधारण सात सेकंद लागतात. त्यात पडण्याची भीती नाही, पण वरच्या ऑफिसात बसलेल्यांना मळमळायला लागतं. गोळ्याचा लंबकही त्याच लयीत बांधलेला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो मागे राहतो आणि खालचे तेलाचे पिस्टन ती ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतात. ऑगस्ट २०१५मध्ये सौडेलर टायफून आलं, तेव्हा गोळा सुमारे एक मीटर हलला होता. भूकंपातही तो हलतो, पण जमिनीचे झटके भराभर येतात. त्यांच्याशी जुळवून घेणं एवढ्या संथ लंबकाला जमत नाही.

वजनाचं म्हणाल तर ६६० टन ऐकायला भयंकर वाटतात, पण इमारतीच्या वजनाच्या ते एक टक्काही नाहीत. अखंड गोळा वर चढवणं शक्यच नव्हतं, १२.५ सेंटिमीटर जाडीच्या ४१ पोलादी चकत्या वर नेऊन तिथेच जोडल्या. जवळून पाहिलं की चकत्यांचे थर स्पष्ट दिसतात. कधी गेलात तर गोळ्याचा फोटो काढून लगेच वळू नका. खाली वाकून ते पिस्टनही बघा, खरी मेहनत त्यांची आहे.