वर्गणी भरली, तरी पाळत सुटेना

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. एका वृत्तपत्राच्या साइटची 'जाहिरातमुक्त' वार्षिक वर्गणी यूपीआय ऑटोपेवर घेतली. घरातल्या सामाईक टॅबवर तिथले वंध्यत्वाबद्दलचे लेख वाचले. थोड्याच दिवसांत त्याच टॅबवर इतर साइट्सवर आयव्हीएफ केंद्रांच्या जाहिराती येऊ लागल्या आणि सासूबाईंनी विचारलं. सुरुवातीला मी 'मान्य आहे' दाबलं होतं. दावा करता येईल का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, आधी वर्गणी घेतानाचं पान शोधून त्याचा स्क्रीनशॉट काढा. 'जाहिरातमुक्त'चा अर्थ कंपनी एवढाच लावेल, की तिच्या पानावर जाहिरात दिसणार नाही. पण त्याच पानात तिसऱ्याच कंपनीची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवली जाणारी ओळखखूण, बसलेली असू शकते. कोणता लेख उघडला हे ती टिपते आणि दुसऱ्या साइटवर तुमचा ब्राउझर ओळखून जाहिरात दाखवते. त्यामुळे निव्वळ 'जाहिरातमुक्त' या शब्दावर केस लंगडी पडते. 'तुमचा माग काढणार नाही' असं कुठं लिहिलं असेल, तर मात्र दिशाभूल सरळ दिसते.

'मान्य आहे' दाबल्यानं सगळं हातचं गेलं, असं समजू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ६ नुसार संमती मोकळी, विशिष्ट आणि बिनशर्त हवी, तीही ठरलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. बातमी दाखवायला तुमचं वाचन जाहिरात कंपनीला कळवायची काय गरज? शिवाय संमती दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अडचण अशी, की नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यातही २५० कोटींपर्यंतचा दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. मला हे अजिबात पटत नाही, पण कायदा तसा आहे.

आज हातात आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्याला देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथा ठरते. लेख उघडणं म्हणजे 'विश्वासानं माहिती देणं' का, यावर कंपनीचा वकील हमखास वाद घालेल. माझ्या मते मुद्दा लढवण्याजोगा आहे, खात्रीचा नाही.

म्हणून आधी यूपीआय ॲपमधला ऑटोपे बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षीचे पैसेही कापले जातील. टॅबच्या ब्राउझरमधल्या कुकी पुसून टाका आणि तृतीय-पक्ष कुकी रोखण्याचा पर्याय सुरू करा. मग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा : माझी माहिती कोणाकोणाला दिली ते कळवा, ती पुसा, उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. लेखी उत्तर महत्त्वाचं, फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. कंपनी मुंबईची असली तरी तक्रारदार राहतो तिथं तक्रार चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एवढ्या रकमेसाठी वकील लावू नका, अर्ज तुम्ही स्वतःच लिहू शकाल.