आधी समोरचा कागद वाच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, तुझे प्रश्न पुष्कळ आहेत: कायद्याच्या प्रवेशासाठी देशपातळीवरची क्लॅट द्यावी की राज्याची सीईटी, क्लास बदलावा का, मराठी माध्यमामुळे मागे पडतेयस का, कलमं किती पाठ करायची, बारावीचं अकाउंट्स कधी करायचं. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की खरा प्रश्न एकच आहे आणि तो तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिला आहेस. "काका, मला कायदा सगळ्यात जास्त येतो आणि मार्क त्यातच सगळ्यात कमी पडतात."

त्याचंच उत्तर देतो. बाकीचं वाटेत येईल तसं.

मॉकमधल्या, म्हणजे सराव परीक्षेतल्या, ज्या प्रश्नाचा फोटो पाठवलास तोच घेऊ. वर तत्त्व दिलंय की अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. खाली हकीकत अशी की सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून कर्ज घेतलं, पैसे उडवले आणि आता सावकार कराराच्या आधारे वसुली मागतोय. तू उत्तर दिलंस, मुलाने फसवलं म्हणून त्याने पैसे परत करावेत. उत्तर चूक ठरल्यावर तू थेट १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ३३ काढलंस.

शाबास. तुझ्या वयाला मला त्या कायद्याचं नावही माहीत नव्हतं. पण ते कलम तुला विचारलं होतं कुणी? वरच्या तत्त्वात फसवणुकीबद्दल एक अक्षर नाही. तिथे करार रद्दबातल म्हटलंय, सावकार करारावर दावा लावतोय, तेव्हा दावा टिकत नाही. संपला विषय. आणि गंमत बघ, जे कलम तू पुढे केलंस त्यातही परतफेड त्या मुलाला किंवा त्याच्या मालमत्तेला प्रत्यक्ष जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरतीच आहे. म्हणजे प्रश्नही अर्धा वाचलास आणि कलमही.

या प्रश्नामागचा मूळ खटला कलकत्त्याचा. धर्मदास घोष नावाच्या अल्पवयीन मुलाने घरं गहाण टाकून २०,००० रुपयांचा कागद करून दिला होता. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि १९०३ मध्ये निकाल आला की अल्पवयीनाचा करार हा करारच नव्हे. सावकाराच्या बाजूने हळहळणारे तेव्हाही असतीलच. हळहळायला हरकत नाही, पण ती उत्तराच्या रकान्यात आणू नये.

मुली, तुझं अडतंय ते इथेच. तुला न्यायाची चाड आहे आणि ती असायलाच हवी, नाहीतर या धंद्यात येऊच नकोस. पण तू प्रश्न वाचायला लागतेस आणि दुसऱ्या ओळीलाच तुझी बाजू ठरलेली असते. मग उरलेलं तू वाचत नाहीस, बाजूला सोयीचं तेवढं शोधतेस. जेवढं लिहिलंय तेवढं वाच. त्यात भर घालू नकोस आणि त्यातलं काही गाळूही नकोस.

तू बदलापूरची आहेस म्हणून तुला पटेल असं सांगतो. दादरला गाडी समोर आली की आपण आधी इंडिकेटर बघतो. गाडी फास्ट असेल, रिकामी असेल, खिडकीसुद्धा मिळत असेल, पण ती कसाऱ्याची असेल तर कल्याणनंतर तू बदलापूरला पोचणार नाहीस. तुझ्या ज्ञानाच्या गाड्या छान आहेत, फक्त त्या त्या प्रश्नाच्या गावाला जात नाहीत.

आणखी एक उदाहरण देतो, कारण मला ठाऊक आहे की तू एका उदाहरणाने ऐकणारी नाहीस. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८. आपल्या जागेत धोकादायक वस्तू साठवली आणि ती निसटून नुकसान झालं तर जबाबदारी मालकाची, पण दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य असे अपवाद आहेत. पुढे डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात सांगितलं की अशा धोकादायक उद्योगांना कुठलाच अपवाद नाही. हे दोन्ही तुला पाठ आहे. आता समज, उताऱ्यात फक्त पहिलं तत्त्व अपवादांसकट दिलंय आणि हकीकतीत वायूचा कारखाना आहे. तू लगेच मेहता काढणार. काढायचा नाही! उताऱ्यात अपवाद दिला असेल तर तो त्या प्रश्नापुरता जिवंत आहे.

तुझे क्लासचे सर म्हणतात, आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा. इंग्रजीच्या उताऱ्याला चालत असेल. कायद्याच्या उताऱ्याला मला ते अजिबात मान्य नाही. कायद्यात उत्तर 'परंतु'नंतरच्या वाक्यात बसलेलं असतं आणि शोधत फिरणारा माणूस त्याच्या अलीकडेच थांबतो. क्लॅटचे उतारे साधारण ४५० शब्दांपर्यंतचे असतात. एकदा, सावकाश, पेन्सिल हातात धरून वाचायचे. सावकाश वाचल्याने वेळ जात नाही, तोच उतारा तीनदा वाचल्याने जातो.

आता क्लॅट की सीईटी. दोन्ही. यात विचार करण्यासारखं काही नाही. क्लॅट डिसेंबरमध्ये होते, कागदावर, इंग्रजीतून. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण वजा. पवईच्या आपल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वाट तीच. सीईटी नंतर उन्हाळ्यात, संगणकावर, आणि मराठीतूनही देता येते. तिथे २०२५ पासून १५०ऐवजी १२० प्रश्न झालेत आणि चुकीला दंड नाही. तरी तू मॉकमध्ये अकरा प्रश्न कोरे सोडलेस! सूचना वाचल्या नव्हत्यास ना? बघ, परत तेच.

सीईटीबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर तू म्हणशील काका हट्टी आहेत. क्लॅटला कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही, सगळं उताऱ्यातच असतं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटी पेपरात कायद्याचे ३२ प्रश्न असतात आणि त्यांत सरळ माहितीचेही येतात: अमुक अनुच्छेद कशाबद्दल, तमुक लॅटिन वचनाचा अर्थ काय. तिथे पाठांतर कामाला येतं. तेव्हा तुझी कलमं वाया गेलेली नाहीत. फक्त कुठला प्रश्न आठवण मागतोय आणि कुठला वाचन मागतोय, हे आधी ओळखायचं. आणि ते कशाने कळतं? प्रश्न वाचून.

फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेलं ते जाडं गाइड बघितलं. स्वस्त मिळालं असेल, पण मुखपृष्ठाच्या आतलं साल बघितलंस का? १ जुलै २०२४पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय आणि सगळ्या मुंबईच्या तोंडी असलेलं चारशेवीस आता ३१८च्या चौथ्या पोटकलमात गेलंय. त्या गाइडातला फौजदारी भाग फाडून टाक, संविधानाचा ठेव.

गणिताचे सीईटीत ८ प्रश्न. दहावीचं पुस्तक काढ आणि शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी बघ. चालू घडामोडींना रोजचं एक वर्तमानपत्र पुरे. यावर अधिक लिहीत नाही.

मराठी माध्यमाचं ओझं घेऊन बसली आहेस, त्याचा मला खरं तर राग आला. पण उपाय सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. रोज एका निकालाची दोन पानं मराठीतून वाच आणि तीच लगेच इंग्रजीतून. अनुवाद कधी कधी दगडासारखा असतो, पण चालेल. कुठे अडखळलीस तिथे खूण कर. महिन्याभरात इंग्रजी वाक्यं आडवी येईनाशी होतील. आणि चुकांची वही ठेव. त्यात बरोबर उत्तर लिहू नकोस. प्रश्नातले कुठले शब्द तुझ्या नजरेतून सुटले, तेवढेच लिही.

तू विचारशील, काका, तुम्हाला या वाचण्याचा एवढा सोस का? एका ऑफिसात मी ज्युनियर होतो. चाळींच्या पुनर्विकासाचे करार यायचे, इंग्रजीत, जाडजूड. शेवटी एक ओळ असायची की हा मजकूर भाडेकरूंना मराठीतून समजावून सांगितला आहे, आणि त्याखाली माझी सही हवी असायची. समजावणं दूरच, मला कागद चाळायलाही वेळ दिला जात नसे. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही करणार नाही. ऑफिस सोडावं लागलं. बरोबरच्यांची आज फोर्टात स्वतःची ऑफिसं आहेत आणि मी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंचे दावे लढवतो. तुझी काकू अजून म्हणते, थोडं नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. कधी कधी रात्री मलाही वाटतं. सकाळी नाही वाटत.

कारण सकाळी कोर्टात असे प्रसंग येतात. घरमालकाच्या बाजूने मोठे वकील, तासभर अस्खलित युक्तिवाद, भाडं कसं थकलं, मालक कसा बिचारा. माझा अशील गिरगावातला म्हातारा, घामाघूम. मी फक्त दोन तारखा वाचून दाखवल्या. भाडं थकलं म्हणून जागा खाली करून मागायची तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोटीस बजावल्यावर ९० दिवस जावे लागतात. दावा त्याआधीच दाखल झाला होता. समोरच्या ऑफिसात नोटीस आणि दावा कुणी शेजारी शेजारी ठेवून वाचलेच नव्हते. यात हुशारी कसली? कुणीही वाचू शकलं असतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

चर्चगेटचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५चं. टिळक तिथे शिकले, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते. तुला तिथे जायचंय हे तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या बाबांनी सांगितलं. जा. कटऑफची भीती मला घालू नकोस, मी घाबरून तुझे मार्क वाढणार नाहीत. आणि तिथे नाहीच मिळालं तर माटुंगा आहे, फोर्ट आहे. वकिली कॉलेजच्या दारावर ठरत नाही, हे मी माझ्या समाधानासाठी म्हणतोय असं तुला वाटेल. वाटू दे.

डोमिसाइलचा दाखला आत्ताच काढायला टाक. पवईला महाराष्ट्राच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी दाखल्याची रांग संपत नाही. माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. क्लासने दिलेला सारांश नको, मूळ पुस्तिका.

येत्या शनिवारी दुपारी ऑफिसला ये. मॉकचा पेपर आण, उत्तरं कोरी करून. चुकलेले प्रश्न तू मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मी मध्ये बोलणार नाही. काकूने थालीपिठं द्यायचं कबूल केलंय. आणि क्लासच्या सरांबद्दल मी वर जे लिहिलं ते त्यांना सांगू नकोस. फी भरून झाली आहे, तुला अजून तिथेच बसायचंय.

तुझा,
काका